बाबांनी बंद करू न दिलेला संगणक

प्रिय ताई,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फाडण्याआधी बातमी तेवढी वाच: आईचं रेकॉर्डिंग सापडलं. तू तिच्या शेवटच्या आजारपणात उशाशी बसून केलेलं, अख्खं, तेरा मिनिटांचं.

मी दिवसभर लोकांचे सर्व्हर सांभाळतो आणि घरच्या डिस्कवर जागा करताना आईचाच आवाज पुसून टाकला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तू महिनाभर बोलली नाहीस, बरोबरच केलंस. काल शेवटचा उपाय म्हणून डिस्क काढून दुरुस्तीवाल्याकडे न्यायला निघालो. संगणक बंद करणार, तोच बाबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, बंद करायचा नाही, ती अर्ध्यावर आहे. मला वाटलं, झालं, बाबांचं वय बोलतंय. स्क्रीन लावून बघतो तर मी गोंधळ घातला त्या दिवसापासून बाबांनी आईचं रेकॉर्डिंग लावलेला प्लेअर उघडाच, नऊ मिनिटांवर थांबवलेला.

ताई, मी उडालोच. हा संगणक ज्यावर चालतो त्या आमच्या लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यातलं काहीच डिस्कवर नसतं. आपण डोकावलं की यंत्रणा त्या क्षणी आत काय चाललंय ते मांडून दाखवते. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला एक नंबर, त्या नंबराचं एक फोल्डर, आणि त्यात त्याने किती मेमरी घेतली, कुठल्या फायली धरून ठेवल्या, सगळा कच्चा चिठ्ठा. प्लेअरच्या फोल्डरमध्ये शिरलो. आईच्या फाईलचं नाव दिसलं, पुढे ‘पुसलेली’ असा शेरा. म्हणजे नाव गेलं होतं, पण प्लेअरने ती सोडली नव्हती तोवर आवाज शाबूत होता. संगणक बंद केला असता तर कपाळावर हात मारायलाही उशीर झाला असता. तिथूनच कॉपी केली. घाईत एका ओळीची आज्ञा तीनदा चुकलो. आईचं पहिलं वाक्य ऐकू आलं आणि मी चक्क रडलो. हस, खुशाल हस.

सोबत पेनड्राइव्ह ठेवला आहे. पण पत्र त्यासाठी नाही. नऊ मिनिटांवरच का थांबलात, असं मी बाबांना विचारलं. मला वाटत होतं, आईचा आवाज सोसत नसेल. ते म्हणाले, तिथून पुढे आपली पोरगी हसते. ती घरी आली की ऐकू. फाईल आता चार ठिकाणी ठेवली आहे, तरी त्यांनी प्लेअर बंद करू दिलेला नाही. माझ्यावरचा राग असू दे, पण ये.

तुझाच,
धांदरट