बंद घरातील तीन मांजरींसाठी आजच दार उघडून मिळणेबाबत

प्रति,
मा. प्राणी कल्याण अधिकारी,
नगर कार्यालय, तळमजला.

विषय: वहिनींच्या मांजरींकडे भाच्याने केलेल्या दुर्लक्षाबाबत.
संदर्भ: माझा आधीचा अर्ज व त्यास खिडकीवरून मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. मी पडदे शिवते. माझ्या वहिनी खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात आहेत. त्यांच्या थोरली, मधली व धाकटी या तीन मांजरी व घराची किल्ली त्यांच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे आहे. तो रोज आईच्या मोबाईलवर तिघींचा जेवतानाचा फोटो पाठवतो. वहिनी तो परिचारिकांना दाखवतात आणि पोरगा गुणाचा निघाला म्हणतात.

२. सदर फोटोत खिडकीला निळा पडदा आहे. तो पडदा वहिनी पडल्या त्याच्या आदल्या दिवसापासून माझ्या मशिनवर आहे. सबब फोटो जुना आहे.

३. सामाईक गॅलरीतून त्या उघड्याबोडक्या खिडकीत पाहिले असता, ताटल्या कोरड्या होत्या. थोरली मोरीत बंद नळाकडे तोंड करून बसली होती, केसांच्या गाठी झालेल्या, पाठीचे मणके वर आलेले. भाच्यास विचारले. तो म्हणाला, "आत्या, मांजरं आहेत ती, उंदीर खातील." चौथ्या मजल्यावरच्या बंद घरात उंदीर कुठून येणार? कुलपाला हात लावलास तर पोलिसांत जाईन, असेही तो म्हणाला.

४. आपल्या कार्यालयाने मालकिणीची लेखी तक्रार मागितली. वहिनींना हे कळले तर त्या तशाच पायाने उठून निघतील. ती तक्रार नसल्यास आवाजाच्या उपद्रवाची शेजाऱ्यांची तक्रार चालेल, असे कळले. शेजारी म्हणाले, मागच्या आठवड्यात फार ओरडत होत्या, आता काही त्रास नाही. हे लिपिकांना सांगितले असता, वास आल्यास आरोग्य विभागाकडे जावे, असे त्यांनी सुचवले.

५. आज सकाळी मी काच वाजवली. धाकटी एकटीच आली. तिने तोंड उघडले, आवाज निघाला नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, साहेब, इथे तर विहिरीसाठी अर्ज चालले आहेत. माझा जीव तुटतो. वहिनी रोज विचारतात, पोरी जेवल्या का, आणि मी हो म्हणते.

तरी कृपया माझ्यासोबत एक माणूस द्यावा. आधीच्या अर्जात मांजरी तीन लिहिल्या होत्या. आता जितक्या असतील तितक्या समजाव्यात.

आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेली,
आपली नम्र,
अर्जदार (मालकिणीची नणंद)
दिनांक: आजचा. उद्याचा चालणार नाही.

सोबत:
फोटो, एक प्रत. रोज तोच येत असल्याने जास्त जोडलेले नाहीत.
निळा पडदा, मूळ. काम झाल्यावर परत मिळावा; वहिनी येण्याआधी खिडकीला लावायचा आहे.