वावरात ज्वारी, गोठ्यात गाय

बाबा, मी वावर मक्त्यानं देऊन नाही राहिली. पहिले तुमालेच सांगते, कारण काल दादानं फोनवर तुमचंच नाव पुढं केलं. "गाय-बकऱ्या विक, चारही एकर दुसऱ्याले मक्त्यानं दे, वर्षाचे पैसे घे. बाबा असते तर त्याईनं हेच केलं असतं." अकोल्यात बसून उंटावरून शेळ्या हाकते तो. मी म्हटलं, बाबा असते तर त्याईलेही मी नाहीच म्हटलं असतं. फोन ठेवला, अन् आज हा कागद घेऊन बसली. तुमच्यासमोर तोंडानं नाही म्हणाची हिंमत मले कधी झाली नव्हती. जे केलं ते गुपचूप हातानं केलं.

तुमचं वावर म्हणजे नुसतं सोयाबीन, अन् धुऱ्यावर, बांधाले, गवताची काडी नाही. लोक रस्त्यावर थांबून पाहत. नवरा गेल्यावर मी पोरगी घेऊन माहेरी आली, तुमी एक एकर मले करून खाले दिला, अन् मी त्यात ज्वारी पेरली. धुऱ्यावर गवत लावलं. अंजनगावच्या बाजारातून गाय आणली. तुमी काठी बगलेत घेऊन उभे आहात, मले आत्ताही दिसते. "काहून व, सोन्यासारख्या काळ्या जमिनीत ढोराचं खाणं पेरते? ज्वारी पाखरं खातीन अन् गवत वावरात घुसन." तण निंदणाऱ्या बायाईसमोर बोलले. मले ते लागलं बाबा, अजूनही लागते. तुमच्या लेखी ढोरं म्हणजे मागचा जमाना. मले एवढंच समजत होतं, की एका पिकाच्या भरवशावर घर ठेवलं तर एका पावसात घर बसते.

यंदा तसंच झालं. ऐन फुलावर पावसानं ओढ दिली, शेजारच्या काकाचं सोयाबीन भरलंच नाही. आपलंही नाही भरलं, खोटं काहून बोलू? पण ज्वारी उभी राहिली. तिचा कडबा गाय खाते, ज्वारीसंग पेरलेल्या तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, बकऱ्या खातात, अन् त्याईचं खत परत वावरात जाते. त्या मातीत ओल टिकते, मी मुठीत दाबून पाहिली. पोरगी दुधाच्या जिवावर कॉलेजात शिकून राहिली. परवा तेच काका आले, जे तुमच्यासंग मले हसले होते. "बाई, चार पेंढ्या कडबा भेटन काय?" दिला. दोन शब्द ऐकवलेही. शेवटी मी पोरगी तर तुमचीच आहे.

आता एक राहिलं. गाय आणली त्या दिवशी तुमी शपथ घेतली होती, का इचं दूध तोंडाले लावणार नाही. शेवटच्या वर्षी तुमी खाटेवर होते, कप हातात घेतला का विचारत, "हे दूध कुठलं?" मी म्हणे, डेअरीचं. तुमी बशीत ओतून दोन-दोन कप चहा घेत. एकदा म्हणाले, "डेअरीवाले सुधारले व." ते आपल्याच गाईचं दूध होतं, बाबा. डेअरीची गाडी तवा गावात येतच नव्हती, अन् हे तुमालेही ठाऊक होतं.

एवढं दादाले सांगितलं तर त्याचं तोंड बंद होईन. पण तुमी शब्द मोडला, हे मी त्याले कळू देणार नाही. म्हणून हा कागद चुलीत जाईन, अन् दादासंग मी एकटीच भांडीन.