दातांचा गार्ड बसत नाही

३ जानेवारी, शनिवार

शिनगार्ड परत करा लागतील. सुशील सरनं हातात घेतले, वाकवून पाहिले, बोटानं टकटक वाजवले आणि माह्या मांडीवर ठेवून दिले. म्हणे, "जितू, हे फुटबॉलचे आहेत. आत प्लॅस्टिकची पट्टी आहे. हे घालून लाथ मारशील तर कुशलची नडगी फुटल."

मी म्हटलं, "माही तर वाचल ना सर."

सगळे हसले. सर नाही हसले. "गार्ड तुह्यासाठी नसते बे, समोरच्यासाठी असते. तो उद्या पण प्रॅक्टिसले आला पाहिजे ना."

दुकानदारानं सांगितलं होतं सगळ्या खेळाले चालते. सगळ्या खेळाले! मग बुद्धिबळाले पण चालत असल.

४ जानेवारी, रविवार

दुकान बंद. दिवसभर खोलीवर पडून. डोकं गरम.

एक फेब्रुवारीले फाईट आहे. मिक्स मार्शल आर्टची, नव्या पोरांची, इथंच नागपुरात. एकसष्ट किलोत सर माहं नाव टाकून राहिले. पण अट आहे. चोवीस तारखेच्या आत तीन दिवस पूर्ण गार्ड घालून स्पॅरिंग झालं पाहिजे, म्हणजे खरंखुरं लढणं. एक गार्ड कमी असला तरी मॅटवर पाय ठेवू देत नाहीत. यादीच लावली भिंतीवर. बोटं उघडी राहतात ते जाड ग्लोव्हज, नडगीचे मऊ गार्ड, जांघेचा गार्ड, दातांचा गार्ड. ग्लोव्हज आहेत, कुशलच्या मोठ्या भावाचे जुने. बाकी सगळं आणायचं.

कुशल माहा जोडीदार. दिवसा पार्सल वाटतो, संध्याकाळी मले मारतो. सहासष्ट किलोचा आहे. त्याच्याजवळ सगळं सामान आधीपासून आहे, म्हणून त्याले ही यादी म्हणजे काय ते समजत नाही.

आठवीतून शाळा सोडली तेव्हापासून मी सगळं सोडतच आलो. सुरतचं लूम सोडलं. भिवंडी सोडली. पुण्यात वॉचमन होतो, चार महिन्यांत निघालो. आता इतवारीत भैयाजीच्या कापडाच्या गोदामात गठाणी उचलतो, हे पण कधी सोडीन सांगता येत नाही. फक्त सरचा हॉल नाही सोडला. नऊ महिने झाले. म्हणून ही फाईट पाहिजे. कारंज्याले घरी कोणाले सांगितलं नाही. झाल्यावर सांगीन.

६ जानेवारी, मंगळवार

शिनगार्ड बदलून भेटले. मऊ, मोज्यासारखे चढतात. एक काम झालं.

७ जानेवारी, बुधवार

आज इज्जत गेली.

जांघेचा गार्ड म्हणून क्रिकेटवाल्याचा घेतला. पोरं ज्याले एल गार्ड म्हणतात तो. उभ्यानं लाथा मारल्या, काही झालं नाही. मग सरनं खाली घेऊन पकड शिकवली. कुशलनं मले उलटं केलं आणि तो गार्ड पॅन्टच्या पायातून सरकून मॅटवर गोल गोल फिरत गेला.

कुशल म्हणे, "सर, जितूचं काहीतरी पडलं."

हॉलमध्ये पंधरा पोरं. दोन पोरी पण होत्या. त्यातली एक तोंडाले टॉवेल लावून बसली.

सर म्हणे, क्रिकेटमध्ये माणूस उभा राहते, इथं लोळते. पट्ट्याचा घे, कमरेले बांधायचा. मग आधी सांगायचं ना! यादीत नुसतं "जांघेचा गार्ड" लिहिलं.

८ जानेवारी, गुरुवार

पट्ट्याचा आणला. बसला. आता फक्त दातांचा.

९ जानेवारी, शुक्रवार

दातांचा गार्ड आणला. मोठ्या माणसाचा, काळा. तो तसाच नाही घालायचा. उकळत्या पाण्यात टाकायचा, नरम झाला की तोंडात घेऊन चावायचा, म्हणजे आपल्या दातांचं माप त्याच्यात उमटते. डब्यावर चित्रं आहेत.

खोलीवर गॅस नाही. दुपारच्या सुट्टीत गोदामासमोर शोभाताईच्या चहाच्या ठेल्यावर गेलो. पाणी उकळून द्या म्हटलं. तिनं शेगडीवर गंजात पाणी ठेवलं, मी त्याच्यात गार्ड टाकला.

"हे काय होय गा?"

"दात वाचवायचं आहे ताई."

"मग दात काढून टाक ना पाण्यात. त्यालेच काहून त्रास?"

ठेल्यावरचे हमाल हसले. मी चमच्यानं काढला, तोंडात घालून पाहिला. पुढचे दात आत जातात, पण मागची दोन टोकं जातच नाहीत. ओठाच्या कोपऱ्यात अडकतात. जोर लावला तर गाल भाजला. दुसऱ्यांदा टाकला, दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा गार्डच वाकडा झाला, चपलेच्या तुकड्यासारखा.

शोभाताई म्हणे, "मोठा आणला तू. तुहं तोंड केवढं, तो केवढा." बरोबर आहे. मोठाच दिला दुकानदारानं.

गाल जळत होता. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला तर आणखीनच झोंबला. पाण्यानं गुळणी करून खर्ऱ्याची पन्नी पुन्हा तोंडात रिकामी केली.

१२ जानेवारी, सोमवार

लहान साईजचा आणला. डब्यावर लिहिलं होतं दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. दुकानदार म्हणे, "घरी लहान आहे का कोणी?" मी हो म्हटलं.

आत गेला! पण दात त्याच्यात मावत नाहीत. वरचे दोन दात बाहेर राहतात सशासारखे. कुशलले दाखवला तर म्हणे, "गाजर आणू का बे?"

त्याले ढकलून दिलं. तो खरंच पडला. मग मीच हात दिला.

आठ दिवस गेले, एक स्पॅरिंग नाही. बाकीची पोरं लढून राहिली, मी कोपऱ्यात दोरी उडवतो. दोरी उडवायले नागपुरात आलो का मी?

१४ जानेवारी, बुधवार

मायचा फोन. तीळगूळ घेतला का म्हणे. घेतला म्हटलं. "आवाज काहून असा येऊन राहिला तुहा, तोंडात काय आहे?" काही नाही म्हटलं. खर्रा होता. ती म्हणे, थुंक आधी, मग बोल मायसंग. थुंकलो.

१५ जानेवारी, गुरुवार

आज दुकानात भांडण.

महागातला घेतला, दोन थराचा, बाहेरून कडक आतून नरम. सगळ्या तोंडाले बसते म्हणून लिहिलं आहे. तिथंच डबा उघडला आणि काचेत पाहून घालून पाहिला. नाही गेला. हा तर पहिल्यापेक्षा जाड.

मी म्हटलं, "तुमच्याकडं सगळे खोट्या मापाचे गार्ड आहेत."

दुकानदार म्हणे, "भाऊ, दिवसाले पाच विकतो. तक्रार घेऊन तुम्हीच येऊन राहिले. आणि तोंडात घातलेला माल मी परत घेत नाही, आधीच सांगतो."

"मग ज्याच्या तोंडात जाते असा द्या ना."

"तुम्ही तोंड तर उघडा पहिले."

असं बोलला. मी काउंटरवर हात आपटला. पोरगं पाठवून शेजारच्याले बोलावलं त्यानं. निघून आलो. गार्ड खिशात, तो घ्याच लागला.

सगळे चोर.

१७ जानेवारी, शनिवार

सरले सांगितलं, गार्ड भेटत नाही, असाच लढतो. दात माहे आहेत.

सर म्हणे, "ग्लोव्हज, शिनगार्ड समोरच्यासाठी. हा तुह्या स्वतःसाठी. आणि हाच तुले नको?" मग म्हणे, "पंधरा दिवसांत एक गार्ड आणता आला नाही तर फाईट काय आणशील."

आता बोलायची लाज वाटते. सात दिवस राहिले आणि तीन स्पॅरिंग.

१८ जानेवारी, रविवार

उपाय सापडला. इतके दिवस डोक्यात काहून नाही आला?

गठाणीची शिवण कापायची मोठी कात्री गोदामातून आणली होती. महागातल्या गार्डची मागची दोन्ही टोकं कापून टाकली. आता तो फक्त समोरच्या दातांवर बसते. खालच्या खोलीतल्या बाईच्या गॅसवर पाणी गरम केलं, चावला, माप उमटलं. ओठ मिटला की बाहेरून कोणाले कळत नाही अर्धा आहे म्हणून.

मार समोरूनच बसते. मागच्या दाढेले कोण मारते?

२० जानेवारी, मंगळवार

झालं! पहिलं स्पॅरिंग झालं. तीन राऊंड. सरनं "गार्ड?" विचारलं, मी ओठ वर करून काळी पट्टी दाखवली, सरनं मान हलवली.

पहिल्या राऊंडमध्ये कुशलनं धुतलं. दुसऱ्यात मी त्याचा पाय धरला, गठाण खांद्यावर घेतो तसा घेतला आणि ठेवून दिला खाली. सर ओरडले, "हेच! हेच पाहिजे!" नऊ महिन्यांत पहिल्यांदा माह्यावर असं ओरडले.

गार्ड सारखा जिभेनं दाबून धरा लागते. सोडला की हलते. पण जमते.

२१ जानेवारी, बुधवार

दुसरं झालं. आता एकच.

२२ जानेवारी, गुरुवार

 

तिसरं स्पॅरिंग. दुसरा राऊंड. कुशलचा ठोसा हनुवटीवर बसला, काही जोराचा नाही, रोजचा. जीभ सुटली आणि गार्ड मागं सरकला. एकदम मागं, घशापाशी. मागची टोकं असती तर दाढेनं धरून ठेवला असता, पण ती मीच कापली.

थुंकायले गेलो, निघत नाही. श्वास नाही. मी मॅटवर हात आपटले, कुशलले वाटलं मी हार मानली. तो हसत उठला. मग त्यानं माहं तोंड पाहिलं.

सर धावत आले. जबडा धरून म्हणे, "उघड." मी उघडलं. "पूर्ण उघड!" पूर्णच उघडलं होतं. सरनं बोट घातलं, एक गेलं, दुसरं जाईना. एका बोटानं गार्ड धरता येत नव्हता, आणखी आत जाऊन राहिला होता. मले सरचे डोळे दिसत होते. सर घाबरले होते. मी त्यांले घाबरलेलं कधी पाहिलं नाही.

कुशलनं मले मागून कमरेत वाकवलं आणि पाठीवर दणके दिले. किती दिले माहीत नाही. गार्ड आडवा होऊन निघाला, लाळेसंग मॅटवर पडला.

सरनं तो उचलला. कापलेली टोकं पाहिली. मले वाटलं मारतील. हळूच म्हणाले, "तोंड उघड जितू."

उघडलं.

"आणखी."

"एवढंच उघडते सर."

सरनं माह्या बॅगची चेन उघडली. खर्ऱ्याच्या पन्न्या काढून मॅटवर ठेवल्या, गार्डच्या बाजूले. तीन भरलेल्या होत्या, बाकी रिकाम्या.  

२३ जानेवारी, शुक्रवार

भैयाजीजवळून सुट्टी घेतली. कुशल गाडीवर घेऊन गेला दातांच्या सरकारी दवाखान्यात. तिथं लहान वयाची डॉक्टरीण होती, अपेक्षा म्हणून. माह्याएवढीच असल. म्हणे, तीन बोटं उभी करून तोंडात घाला. दोन पण नीट नाही गेली. तिनं पट्टीनं मोजलं आणि कागदावर लिहिलं. गालात बोट फिरवलं. म्हणे गाल आतून कडक झाला, कातड्यासारखा.

"खर्रा किती दिवसांपासून?"

"सुरतले होतो तेव्हापासून. सहा वर्षं."

"दिवसाचे किती?"

"तीन-चार." कुशलनं माह्याकडं पाहिलं. मग मी म्हटलं सात-आठ.

मी तिले सांगितलं, मॅडम, मले फक्त गार्डचं माप पाहिजे, मापाचा गार्ड बनवून द्या, एक तारखेले फाईट आहे. ती म्हणे, माप घ्यायचा साचा पण तोंडात जायले पाहिजे ना. बनणार नाही. आधी खर्रा बंद, एकदम बंद. इंजेक्शनं लागतील. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातात धरायच्या, दर आठवड्यात एक वाढवायची. आणि गालात एक पांढरा डाग आहे, त्याचा तुकडा काढून तपासू. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी, मंगळवारी या, घरचं कोणी घेऊन या.

घरचं कोणी इथं नाही म्हटलं. कुशल म्हणे, "मी आहे ना."

मी तिच्यासंग वाद घातला. म्हटलं गार्डच मोठे बनवतात कंपन्या. तिनं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर कुशल म्हणे, "बस कर ना गा आता."

२४ जानेवारी, शनिवार

इथं तरी खरं लिहितो. एकही गार्ड मोठा नव्हता. दिवाळीत गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या ठेल्यावर पहिली पुरीच तोंडात गेली नाही. ठेलेवाला म्हणे, "पूर्ण घ्या ना भाऊ." तेव्हापासून मी ती वाटीत फोडून चमच्यानं खातो. तीन बोटांचं पण मले माहीत होतं. खोलीच्या आरशात रोज सकाळी घालून पाहत होतो. डिसेंबरात पाहणं बंद केलं.

सरले फोन करून नाव काढायले सांगितलं. मग मायले लावला, आणि तिले मंगळवारी नागपूरले ये म्हटलं.