सभासद क्रमांक २१४

निजामपुरा, बडोदे

ती. राजेश्वरी वन्संना वसुंधरेचा वाकून नमस्कार.

इकडे गजाननाच्या कृपेने सारे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? तेल संपले असेल तर बाटली फेकू नका, झाकण चांगले आहे. सोबत डब्यात मोदक आहेत. ते कुठून आले, ते सांगते.

आपल्या मंडळाच्या देवळात कोणाचा नैवेद्य कधी, ती वही पंधरा वर्षे माझ्याकडे. मी फोडणी टाकली की कोणाचा तरी फोन यायचाच, "वहिनी, माझा नैवेद्य कधी?" अध्यक्ष सुभानरावांची सून यशश्री हिने मंडळाची वेबसाइट केली, आणि वहीबरोबर ती वेबसाइट सांभाळणेही माझ्याकडे आले. म्हटले, सभासदाने लॉगिन केले की वरच्या मेनूत (खाण्याचा नव्हे, माथ्यावरची शब्दांची ओळ) 'माझा नैवेद्य' दिसावे, ते दाबले की ज्याची तारीख त्याला कळावी. यशश्रीने बजावले होते की लिंकच्या शेवटी 'सभासद क्रमांक' हे शब्द तसेच ठेवा, जो येईल त्याचा क्रमांक तिथे आपोआप बसतो. पण वन्सं, मी मॅट्रिक झालेली बाई. 'सभासद क्रमांक' लिहिलेले दिसले की आपण क्रमांक भरतो. मी सुवाच्य २१४ भरला. (आपला सोडून दुसऱ्याचा कोण भरील?)

झाले. जो दाबील त्याला माझेच पान: संकष्टी, मोदक एकवीस. वर माझे नाव होते, ते कोणी वाचले नाही. पदार्थ मात्र सगळ्यांनी वाचला.

संकष्टीला सदतीस घरांतून सदतीस डबे आले. सातशे सत्त्याहत्तर मोदक, मी मोजले. एरवी आरतीला आठ माणसे, तीही टाळ शोधत. त्या दिवशी चपलांना जागा नव्हती. करजणहून दोन कुटुंबे आली. एरवी गुजरातीतच बोलणारी पोरे आरती पाठ म्हणत होती. डबा रिकामा परत द्यायचा नाही ही आपली रीत, म्हणून प्रत्येकाच्या डब्यात मी दुसऱ्याचे मोदक भरले. त्या पोरांतली मोहना तर म्हणाली, "काकू, पुढच्या महिन्यातही अशीच चूक करा ने."

सुभानराव मात्र हसले नाहीत. वेबसाइट बाहेरच्या माणसाकडे द्यायची का, हे रविवारच्या बैठकीत ठरणार आहे. मला घाबरायचे कारण नाही. लिंक मी स्वतः दुरुस्त केली आहे, आणि दर संकष्टीला सगळ्यांनी मिळून नैवेद्य आणावा (घरटी पाचच), असा ठरावही मांडणार आहे. देव चुकीतूनही काही करवून घेतो.

तुमची वहिनी,
वसुंधरा

ता. क. : डबा या वेळी रिकामाच पाठवा, रीत मोडली तरी चालेल.

ता. क. दुसरा : फोनवर बोलले असते, पण तुमचे भाऊ समोरच बसतात. लिंक दुरुस्त झाली म्हटले खरे, पण मी दाबले की माझेच नाव येते, आणि चुकली होती तेव्हाही माझेच येत होते. इथे कोणाला विचारावे तर सुभानरावांच्या कानी जाईल. तुमचे सभासदत्व चालू आहे. शनिवारपर्यंत लॉगिन करून 'माझा नैवेद्य' दाबा. राजेश्वरी आले तर मी ताठ मानेने बैठकीला जाते. वसुंधरा आले तर कोणाला बोलू नका, मला एक मिस्ड कॉल द्या, आणि कृपा करून मोदक करू नका.