बर्फाच्या समुद्रातून आलेले सूट

५ मे, सोमवार
आज कामाला लागले! उल्हासनगरात, जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत हरेश शेठचं वर्कशॉप आहे. इथे जहाजांवरचे लाल रबरी सूट दुरुस्त होतात. जहाज बुडायला लागलं की खलाशी तो चढवतो. डोक्यापासून पायापर्यंत सगळं एकसंध, बूट-हातमोजे त्यालाच जोडलेले. गारठणाऱ्या पाण्यातही माणूस काही तास तग धरतो. सुटात हवा भरायची, वरून साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की तिथे भोक. पास-नापासची सही माझी. रबराच्या डिप्लोमाचं चीज झालं! शिलाईला सखूमावशी आहेत, इथल्याच आगरी. त्यांनी डब्यातलं सुकटीचं कालवण मला अर्धं वाढलं. राहायला बेलवलीत खोलीही हवेशीर मिळालीय.

७ मे, बुधवार
नवा माल आला. उत्तर ध्रुवाकडे बर्फ वितळून जहाजांना वाट मोकळी झालीय. तिथे बुडालेल्या एका टँकरचे सूट. शेठ सांगत होते, त्या पाण्यावर दोन देश हक्क सांगतात. टँकरने मदत मागितली तेव्हा दोघांचीही गस्तीची जहाजं जवळच होती. पण आमच्या हद्दीत याल तर खबरदार, असं एकमेकांना बजावत दोन्ही जागीच थांबली. खलाशी सुटांत तरंगत राहिले. एकही वाचला नाही. सूट तेवढे आले. ते धुऊन, तपासून त्याच वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या जहाजाला द्यायचेत. मला पटलं नाही. पण नोकरी नवीन आहे.

९ मे
प्रत्येक सुटात पाणी. काल कोरडे करून टांगले होते, आज पाय भरलेले. बर्फासारखं गार, खारट. बाहेर उन्हाने लाही लाही होतेय. चाचणीत मात्र एकही भोक नाही. शेठना दाखवलं. म्हणाले, "बेटा, एसी का पानी होगा. टेन्शन मत ले, साइन कर." वर्कशॉपमध्ये एसी नाहीच!

१२ मे
सही केली नाही. एका हातमोज्यात तुटलेलं नख सापडलं. या माणसांच्या मरणाला जबाबदार कोण, असा जहाज कंपनीला मेल केला, त्यांनी माल पाठवणाऱ्या एजंटकडे बोट दाखवलं. एजंट म्हणाला, सरकारांना विचारा. दोन्ही देशांच्या वकिलातींना लिहिलं.

१४ मे
दोघांची उत्तरं आली. तो समुद्र आमचाच, हे दोघांनीही पहिल्याच ओळीत ठणकावलंय. आणि माणसं? ती म्हणे समोरच्याच्या हद्दीत बुडाली. डोकं फुटायची वेळ आलीय. भांडायचं तरी कुणाशी?

आज सुटात हवा भरली. साबणाचा बुडबुडा आला — फुगला, बसला. पुन्हा फुगला. कुणीतरी श्वास घेतंय असा. नळी काढली तरी चालूच. सखूमावशी हातातलं काम टाकून उठल्या. "त्याच्यान कोनतरी हाय गो पोरी. तू पन चल." त्या गेल्या त्या गेल्याच.

१५ मे
शेठ ऐकत नाहीत. शनिवारी माल निघणार. माझी सही नसली तर दुसऱ्याची घेतील. तिकडची माणसं हेच सूट घालून पाण्यात उतरणार, किती वेळा सांगायचं! शेवटी वैतागून म्हणाले, "तू पहनके दिखा. पानी दिखा तो माल रोक दूंगा."
ठीक आहे. दाखवतेच.

१६ मे, दुपार
शेठ जेवायला गेलेत. सूट घातला. चाचणीच्या पाण्याच्या टाकीत अजून उतरलेही नाही — पाय ओले. चेन उघडत नाही. मोबाईल समोर आहे, पण या जाड बोटांना स्क्रीन दाद देत नाही. पेन मुठीत धरून लिहितेय. ओरडले. गल्लीभर मशीनं धडधडताहेत, कोण ऐकणार —

गुडघे. कंबर.

हातमोज्यात माझ्या बोटांशेजारी — दुसरी बोटं. ओढत नाहीत. नुसती घट्ट धरून —

शेठ आले. वाकले, सुटावरून हात फिरवला. "देख, सूखा है. पास." टेम्पोवाल्याला फोन करत बाहेर चालले — दातखीळ बसलीय — हाक फुटत नाही — गळ्याशी आलं — शेठ, चेन उघ