वाघोबाची पाठ

मोरबी, गुजरात
२२ जून २०२५

तीर्थरूप आबांना करणचा दंडवत.

मी हिकडं मजेत. पायाचं प्लास्टर निघालं का, ते आई फोनवर नीट सांगत न्हाई, अन् तुमी तर 'बरं हाय' म्हणून फोन तिच्याकडंच देता. म्हणून कागदावर लिवतोय. धाकट्या ज्योतीकडून वाचून घ्या. सूर्यभानच्या टेम्पोतून खोकं धाडलंय, जपून उघडा. आत आमच्या कारखान्यातली टाइल हाय.

उन्हाळ्यात सुट्टीवर आलो अन् घरात टिकलो न्हाई, याचा तुमाला राग आला. दिवस उगवला की चित्रांची वही घेऊन डोंगरात. रतनगडाच्या नेढ्यात, त्या आरपार भोकात वारा खात बसून मी खालचं सगळं काढलं. भाताच्या रोपासाठी भाजलेले काळे राब, अन् धरणाचं पाणी आटून वर आलेली बेटं, डुंबणाऱ्या म्हशींच्या पाठीसारखी. तुमी म्हणलात, "रेघोट्यांनी पोट भरतं का?"

मग पाणी उतरून आपल्या बेटावरचा दगडाचा वाघोबा उघडा पडला. त्याला वैशाखात शेंदूर तुमीच लावायचा, तुमच्या आधी आज्यानं. औंदा तुमचा पाय मोडलेला. मला वाटलं, कल्याणकाकाला सांगाल. तुमी शेंदराची वाटी माझ्या हातात दिली.

होडी मीच वल्हवली. शेंदूर लावला, नारळ फोडला, मग गावाच्या बाजूला होडीत बसून बेट काढलं. देव समोरून चांगला दिसतो म्हणून वाघोबाचं तोंड गावाकडं केलं. घरी तुमाला दावलं. तुमी लई वेळ बघत बसलात अन् म्हणलात, "गावाकडं त्याची पाठ असती. राखणदार घराकडं बघत बसत न्हाई."

मी खोडून पुन्हा काढलं. आबा, माझ्या चित्राकडं एवढा वेळ तुमी कधी बघितलं नव्हतं.

हिकडं डिझाइनच्या साहेबांनी ते चित्र टाइलवर छापायला घेतलं. छापून बघतो तर बेटावर नारळाची झाडं, अन् वाघोबा समोर वळवलेला. साहेब म्हणाले, बेट म्हणलं की नारळ लागतोच. मी म्हणलं, आमच्या बेटावर नारळ फक्त फोडायला येतो. सगळे हसले. पण झाडं काढली, अन् पाठ हुती तशी केली. आता मला भट्टीवरून काढून त्यांच्याच खात्यात घेतलंय. रेघोट्यांनी पोट भरायला लागलंय, आबा.

निघताना तुमी दारात काठी टेकून विचारलं हुतं, "कायमचा कधी येशील?" मी बुटाची नाडी बांधत बसलो. बांधलेलीच हुती.

आता सांगतो. कायमचा मी येणार न्हाई. चिखलात वाकून भाताची आवणी माझ्याच्यानं हुणार न्हाई. पण दर वैशाखात पाणी उतरलं की मी होडीत असंन. शेंदराची वाटी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.

टाइल पडवीत बसवा, तुमच्या खाटेवरून दिसंल अशी. आईला नमस्कार.

गावाकडं पाठ करून बसलेला,
तुमचा करण