शुक्रवारची कबुली

३० ऑक्टोबर १९५९, शुक्रवार

कप फोडला म्हणून सांगितलं. कप!

दर शुक्रवारी चार वाजता आम्ही बाराजणी मदर सुपीरियरपुढे एकेक करून गुडघे टेकतो आणि आठवड्याभरात मोडलेले नियम मोठ्यानं सांगतो. जिना धावत उतरले. मौनाच्या वेळी हसले. काही फुटलं असेल तर तुकडे हातात धरायचे. मी कपाचा कान धरून सांगितलं. प्रायश्चित्ताला तीन 'नमो मरिया' प्रार्थना मिळाल्या. सुटले.

सुटले कुठली! खरं ते इथे लिहिते. ही वही ध्यानाच्या नोंदींसाठी मिळालेली आहे आणि ती कोणी उघडत नाही म्हणतात. मदर गोव्याच्या. त्यांना मराठी वाचता येतं, माझं अक्षर वाचता येत नाही. तेवढाच आधार.

सोमवारी दुपारी आमच्या मठाच्या दवाखान्यात खूप गर्दी. मुमताजबी नातीला घेऊन आल्या होत्या — नजमा, चार वर्षांची, खोकला. मी बाटलीकडे हात नेला आणि प्रार्थनेची घंटा झाली. घंटा झाली की हातातलं काम टाकायचं, लिहिता लिहिता अक्षरसुद्धा अर्धं सोडायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. मी लेबल न बघता बाटली दिली आणि पळाले. चॅपेलमध्ये सगळ्यांच्या आधी पोचले म्हणून मनात खूशही झाले.

ती झोपेच्या औषधाची बाटली होती.

पोरगी दोन दिवस उठली नाही. मोठ्या इस्पितळात ठेवावं लागलं. वाचली — देवाची कृपा. आज सकाळी तिचा बाप मैनुद्दीन बाटली घेऊन आला. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे, पाळी बुडवून आला होता. आवाज चढवला नाही. म्हणाला, "तक्रार करायला नाही आलो, मदर. दुसऱ्या कुणाच्या लेकराला अशी बाटली जाऊ नये, एवढंच." त्याच्या आईला मोतीबिंदू. कुठल्या सिस्टरनं दिली ते तिला सांगता येईना.

मदरनी आमच्याकडे पाहिलं. दवाखान्यात आम्ही दोघीच — मी आणि सिस्टर हिल्डेगार्ड. मी बाटलीकडे बघत होते. तेवढ्यात हिल्डेगार्ड म्हणाल्या, "मी दिली. माझे डोळे."

चार वाजता त्याही गुडघ्यावर बसून तेच बोलल्या. त्यांच्यामागून माझा नंबर होता. मी कप सांगितला.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. कब्रस्तानात मेणबत्त्या लावल्या. दरवर्षी हिल्डेगार्ड कडुनिंबाखालची मोकळी जागा काठीनं दाखवतात — "ही माझी. कोणी बसू नये." सगळ्या हसतात. यंदा दाखवली नाही. फाटकाशी उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

९ नोव्हेंबर

हिल्डेगार्डना परत पाठवणार. स्वित्झर्लंडला. १५ डिसेंबरला मुंबईहून बोट.

मदर म्हणाल्या, परदेशी मिशनऱ्यांबद्दल वर्तमानपत्रात आधीच काय काय येतं, त्यात परदेशी सिस्टरच्या हातून हे. उद्या सरकारी माणूस दारात आला तर काय सांगू? डोळे गेलेल्या सिस्टरला इथे ठेवायची कशाला?

आमच्यात कोणी परत जात नाही. येताना जे घर सोडलं ते सोडलं. स्वतःसाठी काही मागायचं नाही, दिलेलं नाकारायचं नाही. हिल्डेगार्ड तेहेतीस वर्षांत एकदाही गेल्या नाहीत, आईबाप गेले तेव्हासुद्धा. तिकडे एक थोरली बहीण उरली आहे, अ‍ॅग्नेस. तिचं निळं पत्र तीन महिन्यांनी एकदा येतं.

स्वयंपाकघरात सगळ्या रडल्या. हिल्डेगार्ड बटाटे सोलत म्हणाल्या, "देवाची इच्छा." शांतपणे. मला वाटलं, सुरी माझ्या हातात असती तर बोट कापून घेतलं असतं.

१२ नोव्हेंबर

शेवटच्या, जन्मभराच्या व्रतांसाठीचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहून दिला. व्रतं ८ डिसेंबरला. बाबांचं पत्र आलं — "प्रेमला, आमी समदे येताव. दत्तोबाची पोर देवाची झाली, आसं अख्खं गाव म्हनतंय." आता मी तोंड उघडलं तर व्रतं मिळायची नाहीत. बाबा गावाला काय तोंड दाखवतील?

पत्र तीनदा वाचलं. हे पण मोजून सांगावं लागेल शुक्रवारी.

१७ नोव्हेंबर

बाहेर जाताना जोडीनं जायचा नियम, म्हणून हिल्डेगार्डबरोबर मी. सदाशिव पेठेत डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी मदरची चिठ्ठी वाचली, मग हिल्डेगार्डच्या हातात वर्तमानपत्र दिलं. हिल्डेगार्डनी चष्मा लावून कोपऱ्यातली बारीक जाहिरात घडाघडा वाचली. शुद्ध मराठीत — त्यांना मराठी शिकवणारे शास्त्रीबुवा ह्याच पेठेतले होते. त्या मांजरालासुद्धा आपण म्हणतात.

डॉक्टर म्हणाले, "चिठ्ठीत लिहिलंय, यांना बाटलीवरचं दिसत नाही. आपल्याकडे बाटल्यांवर मोडीत लिहितात का? आजींना जवळचं उत्तम दिसतं. लांबचं अंधुक आहे, पण त्यांना कुठे इथून सिंहगडाचे बुरूज मोजायचेत."

म्हणजे यांना ठाऊक आहे! लेबल वाचता येतं, मग चूक स्वतःची नाही हेही कळत असणार.

टांग्यात त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "हे मदरना सांगण्याची आवश्यकता नाही. आपण बोलू नये."

तेहेतीस वर्षांत नियम न मोडणारी बाई माझ्यासाठी लपवाछपवी करते. माझ्यासाठी! मी त्यांची कोण लागते? संगमनेरकडची एक पोर, जिला त्यांनी इंजेक्शन कसं धरायचं ते शिकवलं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

दार आपटलं म्हणून सांगितलं.

२४ नोव्हेंबर

हिल्डेगार्ड जुनी करडी शाल उसवून मोजे विणताहेत. तिकडे बर्फ असेल. एक जोड स्वतःचा झाला. दुसरा छोटा आहे. म्हणाल्या, "अ‍ॅग्नेसचे पाय लहानपणापासून गार पडतात." विणताना काहीतरी गुणगुणत होत्या. कधी ऐकलं नव्हतं. दुःख गिळायला माणूस काय काय करतं! मला तिथे बसवेना. उठून पाणी भरायला गेले, परत आले, पुन्हा गेले. हौद भरला तरी कळशी हातातच. चॅपेलमध्ये गेलं की मूर्तीकडे बघवत नाही, दवाखान्यात गेलं की बाटल्यांकडे. जेवण जात नाही. मदर म्हणाल्या, व्रतांआधी असं होतंच. मी मान डोलावली आणि मग वाटलं की सांगून टाकावं, आत्ता, इथेच, पण घं

३० नोव्हेंबर

मुमताजबी आल्या. नजमा बरोबर, एका पायावर उड्या मारत. मी विचारलं, खोकला कसा आहे? मुमताजबींनी माझ्या आवाजाकडे मान वळवली.

"बेटी, त्या दिवशी तूच होतीस ना? आवाज तुझाच."

मी नाही म्हटलं.

त्या म्हणाल्या, "असेल. कानही म्हातारे झाले." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आधी नुसती गप्प होते. आज खोटं बोलले, आंधळ्या बाईशी. पेत्रानं येशूला ओळखत नाही म्हटलं तेव्हा कोंबडा तरी आरवला. माझ्या वेळेला नुसती पोरगी उड्या मारत होती.

४ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं.

हातात मैनुद्दीननं आणलेली तीच बाटली धरली होती. सगळं सांगितलं — घंटा, लेबल, कप, मुमताजबी. मदरनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाल्या, "तुमची व्रतं एक वर्ष पुढे. तुम्हाला दवाखाना बंद, धुण्याला जा. आणि सिस्टर हिल्डेगार्ड, आम्ही तुमच्यावर अन्याय केला. बोट रद्द करते. तुमची निंबाखालची जागा तुमचीच."

सगळ्याजणी हिल्डेगार्डना बिलगल्या. त्यांनी मान खाली घातली होती. आनंदानं रडत असाव्यात.

बाबांना पत्र टाकलं, येऊ नका म्हणून. कारणही लिहिलं. ते वाचून बाबा ओट्यावरून उठायचे नाहीत, मला दिसतंय. तरी आज पाच आठवड्यांनी पोटभर जेवले. धुण्याचा ढीग समोर आहे आणि मला गाणं म्हणावंसं वाटतंय. माझ्यामुळे एक म्हातारं माणूस आपल्या जागी राहिलं!

५ डिसेंबर

हिल्डेगार्ड ओसरीच्या बाकावर बसून मोजे उसवत होत्या. छोटा जोड आधी. मी विचारलं, का? "पुण्यात कशाला लागतात."

मग खाली बघतच बोलल्या. बाटली मी दिली हे त्यांना त्याच दिवशी ठाऊक होतं. मी म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी केवढं केलंत.

"आपल्यासाठी नाही. अ‍ॅग्नेस ऐंशीची झाली. मला तिला बघायचं होतं. जायला मागता येत नाही आपल्यात. हे न मागता मिळालं होतं."

मी उठले. म्हटलं, मदरकडे जाते, आत्ताच सांगते. त्यांनी माझी बाही धरली.

"आता कृपा करून आपण कोणाला काही सांगू नका."